महानंदा सोशिक नव्हती

माझ्या मुलाला गप्प बसता येत नाही. लोकांना वाटतं, दयानंद पाळक आहे म्हणून बोलतो. मी त्याची आई आहे, मला ठाऊक आहे, बोलायला मिळावं म्हणून तो पाळक झाला. घास हातात धरून बोलतो, आमटी गार होते. कोपऱ्यावर शेंगदाणे आणायला पाठवला तर दुकानदाराच्या सासूच्या गुडघ्यासाठी प्रार्थना करून येतो आणि शेंगदाणे तिथंच विसरतो. कुणाच्या घरी भेटीला गेला की घरच्या माणसानं 'बरं वाटत नाही' एवढंच म्हणायचं, पुढचं सगळं हा बोलणार. दुखणं का आलं, देवाची त्यात काय योजना आहे, आपण त्यातून काय घ्यायचं. ज्याचं दुखतंय त्याच्या वाट्याला फक्त 'आमेन' येतं.

त्याच्या बापाचं असं नव्हतं. आमचे मालकही पाळकच. निपाणीकडच्या खेड्यांतून सायकलवर हिंडायचे. बायका चुलीवर भात चढवून उपासनेला यायच्या, कारण भात करपायच्या आत ह्यांचा उपदेश संपणार हा भरवसा. दयानंदाच्या उपासनेला येणाऱ्या बायका रात्रीचं जेवणसुद्धा करून ठेवून येतात.

पण लेक माझा वाईट नाही, हेही लिहून ठेवते. कुणी दवाखान्यात पडलं की नातेवाइकांच्या आधी हा पोचतो. मंडळीवर त्याचा जीव आहे. फक्त तो जीव तोंडावाटे वाहतो.

आमची मराठी मंडळी चामराजपेटेत भरते. चर्च कन्नड मंडळीचं. सकाळी त्यांची उपासना, दुपारी आमची. निम्मे लोक आमच्यासारखे बेळगाव-निपाणीकडचे, इथं मुरलेले, थोड्याला स्वल्प आणि बरंला सरी म्हणणारे. निम्मे पुण्या-नगराकडून कंपन्यांत नोकरीला आलेले. आम्ही दयानंदाला पाळकसाहेब म्हणतो, ते पास्टर म्हणतात. गाणी कुठली म्हणायची, चहा आधी की नंतर, कशावरच ह्या दोन निम्म्यांचं जमत नाही. पाळक फार बोलतो, ह्यावर मात्र दोघांचं एकमत आहे.

तर त्या पाळकाचा आवाज गेला. आधी बसला, मग घोगरा झाला, मग दार करकरल्यासारखा यायला लागला. तरी हा बोलतोच आहे. शेवटी माझ्या सुनेनं, प्रणितानं, हाताला धरून डॉक्टरकडे नेला. मीही गेले. डॉक्टरीणबाई तरुण होती. नळी घालून पाहिलं आणि म्हणाली, आवाजाच्या पडद्यांवर गाठी आल्यात. सूज उतरेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही. ऐकलं नाही तर आवाज पहिल्यासारखा होईल ह्याची खात्री मी देत नाही.

"तुम्ही काम काय करता?" तिनं दयानंदाला विचारलं.

"त्याला नका विचारू," मी म्हणाले, "तो सांगत बसेल."

प्रणिता शाळेत शिकवते. तिनं शाळेतून एक पाटी आणि खडू आणून दिला. मी दुसरी शिकलेली बाई, पण शास्त्र वाचून वाचून अक्षर चांगलं लागतं मला. दयानंदानं पहिल्याच दिवशी ती पाटी इतक्या बारीक अक्षरांत भरली की मी वाचायचं सोडून दिलं. पाटीवरही तो बोलतच होता.

मग प्रश्न आला रविवारचा. उपदेश कोण करणार? गाण्यांचं बघणारी अश्लेषा पुण्याची पोरगी, हुशार आहे, पण हातातलं यंत्र सुटत नाही. ती म्हणाली, "आजी, टेन्शन नको. पास्टरचे सगळे सर्मन रेकॉर्ड केलेले आहेत. एक स्क्रीनवर लावून देऊ."

पंचांना ते पटलं. पंच म्हणजे मंडळीचा कारभार बघणारे. काही करावं न लागता काम होत असेल तर त्यांना लगेच पटतं. दयानंदाला तर फारच आवडलं. आपल्या जागी आपणच उभे!

त्या रविवारी तो माझ्याशेजारी बाकावर येऊन बसला. लहानपणानंतर पहिल्यांदाच. समोर पडद्यावर दुसरा दयानंद बोलायला लागला. बाकावरचा दयानंद आधी मान डोलावत होता. चांगली वाक्यं आली की माझ्याकडे बघायचा. मग मान डोलवायची थांबली. मग त्यानं पाय बदलला. मग मी पाहिलं, तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता.

थोड्या वेळानं परत बघितलं.

मी त्याच्या कानाशी वाकून म्हणाले, "अजून तिसरा मुद्दा राहिलाय."

कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. पुढच्या बाकावर गुरुराज बसला होता. तो आमच्या पंचांतला सगळ्यात गंभीर माणूस. तो घोरायला लागला तेव्हा दयानंदानं डोळे मिटून घेतले.

घरी चहा पिताना त्यानं पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मी इतका बोलतो?'

"हे थोडं होतं," मी म्हणाले. "त्या दिवशी तुला सर्दी होती."

वाटलं, आता शहाणा होईल. पण पुढच्या रविवारी मंडळीचा वर्धापनदिन होता. कन्नड मंडळीचे लोक पाहुणे येणार, नंतर जेवण. दयानंदानं लिहिलं, 'वर्धापनदिनाला मीच बोलणार. थोडंच.'

प्रणिता चिडली. शांत बाई आहे ती, पण चिडली की वर्गात बोलते तशी बोलते. "डॉक्टरांनी काय सांगितलंय? आवाज कायमचा गेला तर पुढं काय करणार आहात? थोडंच म्हणजे किती, ते मी लग्नापासून बघतेय."

त्यानं लिहिलं, 'पाळक उभा राहिला नाही तर मंडळी विखुरते.'

मी ते वाचलं आणि माझं डोकं फिरलं. "मंडळी कुणाची रे, तुझी का प्रभूची?"

त्यानं खडू बोटांत फिरवला.

"लिही की. पाटी आहे ना हातात?"

त्यानं 'प्रभूची' असं लिहिलं.

"मग त्याला एक रविवार सांभाळू दे. तू जन्मायच्या आधीपासून सांभाळतोय."

त्यानं पाटी पुसली. भीती मात्र पुसली गेली नाही, ती त्याच्या तोंडावर दिसत होती. मला त्याची दयाही आली. इतकी वर्षं ह्या माणसानं व्यासपीठावर दुसऱ्या कुणाला उभं केलं नाही. मनात खोट होती असं नाही. सगळ्यांचं ओझं आपणच उचलायचं म्हणजे सेवा, असं ह्याला वाटतं. त्यामुळे झालं काय, उचलायची सवय बाकी कुणाला लागलीच नाही. गुरुराजला विचारलं तर त्याला नुसत्या कल्पनेनं घाम फुटला.

"मल्हाररावांना विचार," मी म्हणाले.

दयानंदानं मान खाली घातली.

मल्हारराव आमचे सगळ्यात जुने पंच. येलहंक्याला राहतात, रेल्वेच्या चाकांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. शास्त्राचं वाचन ते करायचे तेव्हा रस्त्यावरचा माणूस आत डोकावायचा, असा आवाज. त्यांची बायको महानंदा गेल्या वर्षी वारली. दयानंदानं दफन केलं, तिच्यावर लांबलचक उपदेश केला, आणि त्या दिवसापासून मल्हाररावांनी चर्चची पायरी चढली नाही. दयानंद किती वेळा जाऊन आला. सांत्वन केलं, वचनं सांगितली, प्रार्थना केली. मल्हारराव चहा द्यायचे, 'सरी, पाळकसाहेब' म्हणायचे, आणि रविवारी यायचे नाहीत.

'ते येणार नाहीत,' दयानंदानं लिहिलं.

"मी येते बरोबर," मी म्हणाले. "बोलायला कुणीतरी लागेल ना."

मार्केटातून येलहंक्याची बस धरली. बायकांना बस फुकट असते, आधार कार्ड दाखवलं की झालं. दयानंदाला तिकीट काढायचं होतं. कंडक्टरनं कुठं जायचं विचारलं, तर ह्यानं गळ्याकडे बोट दाखवलं आणि हात हलवला. कंडक्टरला वाटलं जन्माचा मुका. "अय्यो पाप," म्हणाला. कन्नडात पाप म्हणजे बिचारा. एका पाळकाला भर बसमध्ये पाप म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. वर त्यानं एका पोरग्याला उठवून ह्याला जागा दिली. सत्तरी उलटलेली मी दांडीला लटकलेली, आणि धडधाकट पन्नाशीच्या बाप्याला जागा! दयानंद लगबगीनं उठला आणि मला बसवलं. सगळ्या बसनं त्याच्याकडे कौतुकानं पाहिलं. बघा, मुका आहे बिचारा, पण आईला किती जपतो.

मल्हाररावांच्या दारात उभं राहून दयानंद पिशवी चाचपायला लागला.

"काय शोधतोस?"

त्यानं हवेत चौकोन काढला.

"पाटी? घरी राहिली असेल."

पाटी पिठाच्या डब्यामागं होती. मीच ठेवली होती, आणि चांगलं केलं.

मल्हाररावांनी दार उघडलं. माणूस वाळला होता, पण शर्टाला इस्त्री होती. आमच्या ख्रिस्ती रिवाजाप्रमाणे त्यांनी सलाम घातला. "सलाम पाळकसाहेब. सलाम ठकुअक्का, तुम्ही एवढ्या लांब?"

मी गळ्याचं सगळं सांगितलं. मल्हाररावांनी दयानंदाकडे नीट पाहिलं. "म्हणजे काहीच बोलायचं नाही?"

"एक शब्द नाही."

"प्रार्थना?"

"मनात करेल. देवाला ऐकू येतं."

"बसा, चहा टाकतो," असं म्हणून ते आत गेले, आणि मला वाटलं की जाताना त्यांची चाल जरा हलकी झाली.

चहा आला. फार गोड होता. बायको गेलेल्या माणसाचा चहा एकतर फार गोड असतो नाहीतर अगदी फिका. आम्ही प्यालो. मग कुणीच बोलेना. दर खेपेला दयानंद सुरू करायचा, त्यामुळे मल्हारराव वाट बघत होते. दयानंदाचं तोंड उघडायचं आणि मिटायचं, टोपलीतल्या मासळीसारखं. मलाही बोलायची उबळ येत होती. आमचं घराणंच तसलं. पण मी पदर तोंडाला लावून बसले.

पंखा फिरत होता. खाली कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं.

मल्हाररावांनी कप खाली ठेवला. "पाळकसाहेब, तुम्ही दुसऱ्याच बाईला पुरलंत."

दयानंदानं डोळे मोठे केले.

"'आपली भगिनी महानंदा. सोशिक, शांत, मृदू बोलणारी.' असं म्हणालात तुम्ही. मी पेटीजवळ उभा होतो. मला वाटलं, मी चुकीच्या मयताला आलो. लोकांनी माना डोलावल्या, म्हणून मीही डोलावली. मृदू बोलणारी! अहो, ती बोलायला लागली की खालचा भाडेकरू रेडिओ बंद करायचा. त्याला वाटायचं, वरच्या मजल्यावर जास्त मजा आहे."

मला हसू आलं, मी दाबलं. महानंदाला मी ओळखत होते. वर्धापनदिनाच्या जेवणात मीठ किती, ह्यावरून आम्ही दोघी कितीक वर्षं भांडलो. दयानंदानं तिला सोशिक म्हटलं तेव्हा मलाही खटकलं होतं, पण मी काही म्हटलं असतं तर लोक म्हणाले असते, ठकुबाई मयतावर जुनं वैर काढतेय.

"ही खूण बघा." मल्हाररावांनी भुवईवर बोट ठेवलं. "तांब्या फेकून मारला होता. मी तिच्या आईला नावं ठेवली म्हणून. आणि मग स्वतःच हळद दाबून रडत बसली. आणि रडता रडता मलाच शिव्या, की तांब्याला पोचा आला."

ते हसले, आणि हसता हसता त्यांचा चेहरा बदलला.

"होसकोट्याला दिलेली आपली ती पोर आठवते? नवरा मारायचा तिला. आपण पंचांनी बैठकीत काय ठरवलं? प्रार्थना करू. तुम्ही तिला काय सांगितलंत? धीर धर, सहन कर, प्रभू त्याचं मन बदलेल. मीही त्याच बैठकीत होतो, मीही हात वर केला होता. घरी येऊन महानंदाला सांगितलं. तिनं पायात चपला घातल्या आणि एकटी बसमध्ये जाऊन बसली. त्यांच्या दारात उभी राहून अशी ओरडली की कारखान्यातून सुटलेले लोक थांबून बघायला लागले. पोरीचा हात धरला आणि घेऊन आली. ह्याच खोलीत ठेवली. पोलिसांत जाऊन बसली, उठेचना. पाळकसाहेब, महानंदा सोशिक असती तर ती पोर आज जिवंत नसती."

दयानंदाचे हात मांडीवर पडलेले होते. त्याला आवाज असता तर तो काय म्हणाला असता, ते मला तोंडपाठ आहे. 'मल्हारराव, माझा उद्देश तसा नव्हता.' मग उद्देश समजावला असता, मग वचन, मग प्रार्थना, आणि मल्हारराव म्हणाले असते, 'सरी, पाळकसाहेब.' पण आज त्याच्याकडे काहीच नव्हतं. पाटीसुद्धा नाही. आलेलं सगळं त्याला घ्यावं लागलं.

"आणि सगळ्यात वाईट काय माहितीय?" मल्हाररावांचा तो मोठा आवाज अगदी बारीक झाला. "मी तिला आठवायला बसतो ना, तेव्हा तुमची ती सोशिक बाई मध्ये येऊन उभी राहते. पांढरी साडी, खाली मान. तिला मी ओळखत नाही. ती हलतच नाही समोरून."

दयानंद रडला. आवाज न करता रडणं त्याला त्या दिवशी चांगलं जमलं. मल्हारराव उठले नाहीत, त्यांनी पाठीवर हात फिरवला नाही, आणि ते मला आवडलं. त्यांनी फक्त त्याला रडू दिलं आणि पुढं बोलायला लागले. टँकरवाल्याशी महानंदाचं भांडण. महानंदाचं गाणं, जे कुठल्याच सुरात बसायचं नाही आणि तरी ती पुढच्या बाकावर बसून म्हणायची. मग मीही मिठाची भांडणं सांगितली. मल्हारराव मोठ्यानं हसले, दयानंदाचे नुसते खांदे हलत होते. अख्खी दुपार आम्ही तिथं होतो. इतकी चांगली घरभेट मी ह्याच्या बापाबरोबरही केली नव्हती, आणि पाळकानं चकार शब्द काढला नव्हता.

निघताना मी रविवारचं विचारलं.

"मी उपदेशक नाही, अक्का."

"उपदेश नकोच आहे. फार झालेत."

मल्हाररावांनी रिकामे कप उचलून एकात एक ठेवले. "साक्ष देईन. पण महानंदाची देईन, जशी होती तशी. दफनाच्या दिवशी जे झालं तेही सांगीन. चालेल पाळकसाहेबांना?"

आम्ही दोघांनी दयानंदाकडे पाहिलं. साक्ष देणं म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं, ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगणं. त्यात पाळक मध्ये पडत नाही. वर्धापनदिन, कन्नड पाहुणे, दोन्ही निम्मे हजर, आणि त्यांच्यासमोर पाळकाची चूक. मग त्यानं होकाराची मान हलवली.

घरी आल्यावर मीच पाटी काढून दिली. त्यानं लिहिलं, 'आई, मी असं किती जणांना पुरलं असेन?'

"पुरुषांचं ठाऊक नाही. बायका सगळ्याच. तुझ्याकडे बायकांचा एकच उपदेश आहे, नाव तेवढं बदलतोस."

'लोकांना बरं वाटावं म्हणून बोलतो.'

"बरं कुणाला वाटतं? जो तिला ओळखत नव्हता त्याला. घरच्या माणसाला त्याचं माणूस हवं असतं, देवदूत नको असतो. आणि प्रभूला काय फसवायचं? आम्ही कशा आहोत ते बघूनच त्यानं जवळ केलं ना?"

त्यानं पाटी पुसली. मग एकच ओळ लिहिली. 'इतकी वर्षं लोक माझ्याशी बोलत होते आणि मी उत्तर जुळवत होतो.' ती ओळ त्यानं पुसली नाही. मीही पुसू दिली नाही, संध्याकाळपर्यंत पाटी तशीच ठेवली.

पण खोड ती खोड. रविवारी उपासनेआधी मागच्या खोलीत त्यानं प्रणितापुढं पाटी धरली, 'सुरुवातीला दोन शब्द मी बोलतो. लोकांना तयार करायला हवं.'

"लोक तयार आहेत," प्रणिता म्हणाली. "तुम्हीच नाही आहात." आणि तिनं त्याला आणून माझ्याशेजारी बसवलं. सून माझी कधीकधी माझ्यावर जाते.

मल्हारराव आले होते. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. आधी सगळी गाणी झाली, मग ते उभे राहिले. त्यांनी व्यासपीठावर जायचं नाकारलं. बाकांच्या मधल्या वाटेवर उभे राहिले आणि म्हणाले, "सलाम. माझी बायको महानंदा फार भांडकुदळ होती."

अश्लेषाच्या हातून गाण्यांचं पुस्तक पडलं. मागून कुणीतरी खुदकन हसलं. मल्हाररावांनी तांब्याचं सांगितलं, टँकरवाल्याचं सांगितलं. कन्नड पाहुण्यांना शेजारचे लोक कन्नडात करून सांगत होते, त्यामुळे हसू दोनदा यायचं, आधी मराठी आणि मग कन्नड. मग त्यांनी होसकोट्याचं सांगितलं, पोरीचं नाव न घेता. तर ती पोर स्वतःच तिसऱ्या बाकावरून उठली. "मी आहे ती," म्हणाली. "मावशी शिव्या देत आली. मला वाटलं मलाच देतेय, म्हणून मी घाबरून आत लपले. तर दार ढकलून आत आली आणि म्हणाली, भाकरी खाल्लीस का?" एवढं बोलून खाली बसली.

मल्हारराव म्हणाले, "तिच्या दफनाला आपल्या पाळकसाहेबांनी तिला सोशिक म्हटलं. ती सोशिक नव्हती. प्रभूनं मला जी बायको दिली ती ओरडणारी दिली. मी तिच्याबद्दल त्याचे उपकार मानायला आज उभा राहिलोय. वर्षभर मानले नव्हते."

चर्चमध्ये सगळ्या माना आमच्या बाकाकडे वळल्या. दयानंद उभा राहिला.

त्यानं छाती भरून घेतली, गळ्याची शीर वर आली, ओठ उघडले. मी त्याचा कोट मुठीत धरला होता, पण पन्नाशीच्या माणसाला आई कोटाला धरून किती थांबवणार? एका वाक्यात त्याचा आवाज जाणार होता आणि त्याबरोबर मल्हाररावांनी जे मोठ्या कष्टानं मांडलं होतं तेही. तो बोलला असता तर चांगलंच बोलला असता, हीच खरी भीती. सगळं गोडाचं करून टाकलं असतं.

त्यानं ओठ मिटले. मल्हाररावांकडे तोंड करून हात जोडले, आणि तसाच उभा राहिला. मल्हाररावांनी मान हलवली. मग दयानंद खाली बसला. त्याचा कोट माझ्या हातात चुरगळून गेला होता.

शेवटी आशीर्वाद राहिला. तो फक्त दीक्षा घेतलेल्या पाळकानंच द्यायचा असतो, दुसऱ्या कुणी चालत नाही. गुरुराजनं घाबरून माझ्याकडे पाहिलं, जणू मी दीक्षा घेतलीय. दयानंद पुढं गेला आणि त्यानं दोन्ही हात वर केले. माझ्याखेरीज सगळ्यांनी डोळे मिटले. शब्द आले नाहीत. बाहेर ऑटोचे भोंगे वाजत होते, कांदेवाला ओरडत होता, आणि आत दोन्ही निम्मे मुकाट उभे. मनात तो शब्द म्हणत होता, ओठ हलत नव्हते तरी मला दिसत होतं. आता संपलं कधी म्हणायचं, हे कुणालाच कळेना. एवढ्या लांबलचक माणसाचा आशीर्वाद संपतो कुठं, हे मला ठाऊक आहे. योग्य वेळ झाल्यावर मी मोठ्यानं 'आमेन' म्हटलं, आणि सगळ्यांनी सुटका झाल्यासारखं 'आमेन' म्हटलं.

जेवणाला चटणी-भात, कुर्मा आणि पायसम होतं. भातात मीठ जास्त पडलं होतं, आणि भांडायला महानंदा नव्हती. मल्हारराव दोन्ही निम्म्यांच्या मध्ये बसून जेवत होते. लोक त्यांना महानंदाच्या गोष्टी सांगत होते, त्यांनाच ठाऊक नसलेल्या. अश्लेषा म्हणाली, "आजी, आजचं रेकॉर्ड करायचं राहून गेलं."

"बरं झालं," मी म्हणाले.

दयानंद पान घेऊन माझ्याशेजारी आला. त्याचं जेवण गरम होतं, कारण मध्ये बोलणं नव्हतं. डाव्या हातानं त्यानं पाटी पुढं केली. 'कसं झालं?'

मी पायसम संपवलं, हात पुसला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं त्याला सांगितलं.

"दया, आज तू मला पाळक म्हणून पसंत पडलास. तुझा बापसुद्धा एवढं ऐकून घेऊ शकला नसता. वाचा येईल तेव्हा खुशाल बोल, मी काही कायमचा मुका पोरगा मागितलेला नाही. पण कुणी गेलं की आधी त्यांच्या घरी जाऊन बस आणि विचार, ही बाई कुणाशी भांडायची आणि कशासाठी. आणि मी गेले की माझ्यावरही तूच बोलायचं, दुसऱ्या कुणाला मी माझ्या पेटीजवळ उभं राहू देणार नाही. फक्त मला सोशिक म्हणालास ना, तर भर उपासनेत उठून बसेन."